जपानी चित्राची हाती रंगवलेली प्रत: सोनं, सरस आणि शिंपल्यांचा हिशेब

घराच्या भिंतीसाठी जपानी चित्राची हाती रंगवलेली प्रत घ्यायची म्हटली की आपण आधी चित्र निवडतो, मग आकार, मग किंमत. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मूळ वस्तू मुळात रंगवलेली होती का? ‘जपानी चित्र’ म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर होकुसाईची मोठी लाट येते, आणि ती लाट कुणी कधी रंगवलेलीच नाही.

साधारण १८३१ सालचं ते ठसाचित्र आहे. कागद सुमारे २५ बाय ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे ए-थ्री कागदापेक्षाही लहान. होकुसाईने पातळ कागदावर फक्त रेषा काढून दिल्या. कोरणाऱ्या कारागिराने तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला आणि रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड खोदून टाकलं. त्या खोदकामात मूळ रेखाटनही गेलं. पुढे रंगांसाठी वेगळे ठसे कोरले गेले, ठशावर ब्रशने रंग लावला गेला, वर ओलसर कागद ठेवून तो ‘बारेन’ नावाच्या चपट्या गादीने घासला गेला. अशा हजारो प्रती निघाल्या आणि त्या सगळ्याच ‘मूळ’. तेव्हा कॅनव्हासवर तेलरंगात रंगवलेली लाट म्हणजे जे चित्र कधी नव्हतंच त्याची नक्कल.

ही नुसती तात्त्विक कटकट नाही, डोळ्यांना दिसणारे फरक आहेत. छापात लाटेचा फेस आणि मागच्या फुजी पर्वतावरचा बर्फ म्हणजे कोरा कागद, तिथे रंगच नाही. तेलरंगात त्या जागी पांढरा रंग थापावा लागतो आणि फेस उठून अंगावर येतो. क्षितिजाजवळच्या आभाळात जी करडी छटा हळूहळू विरते तिला ‘बोकाशी’ म्हणतात. दर छपाईच्या वेळी ठशावरचा रंग पाण्याच्या ब्रशने पातळ करत नेऊन ती साधतात, त्यामुळे ती सपाट आणि मऊ असते. तेलरंगात ती युरोपीय संध्याकाळीसारखी दिसायला लागते. निळी बाह्यरेषा कोरलेली असल्याने तिला चाकूची धार असते. कुंचल्याने तशी धार आणणं जवळपास अशक्य. त्यात सोफ्याच्या लांबीला शोभावी म्हणून चित्र दुप्पट रुंद केलं की लाट आणि फुजी यांच्यामधली पोकळीच बिघडते, आणि त्या चित्रात पाहण्यासारखं जे आहे त्यातलं अर्धं त्या पोकळीत आहे.

होकुसाई, हिरोशिगे, उतामारो या ठसाचित्रकारांपैकी कुणाचं चित्र हवं असेल तर हाती रंगवलेली नव्हे, हाती छापलेली प्रत घ्यावी. जुन्या प्रतीवरून ठसे नव्याने कोरून, तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर तशीच छपाई करतात. तिला ‘फुकुकोकु’ म्हणतात. टोकियोतली अदाची संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे. ओळखायची खूण सोपी: कागद उलटा करून पाहा. बारेनने दाबलेला रंग मागच्या बाजूला थोडा झिरपलेला दिसतो. संगणकाच्या छपाईत पाठ कोरी असते.

हाताने रंगवण्यासारखं काय, तर जे मुळात हातानेच रंगवलेलं होतं ते: घडीचे पडदे म्हणजे ‘ब्योबु’, सरकत्या दारांवरची चित्रं, आणि गुंडाळून ठेवायची ‘काकेजिकु’ म्हणजे लोंबती पटचित्रं. इथे प्रत करण्याची परंपरा मूळ चित्रांइतकीच मानाची आहे.

नक्कल की शिकवणी

तावाराया सोतात्सुने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव यांचा जोडपडदा सोन्यावर रंगवला. क्योटोच्या केन्निनजी मंदिराची ती मालमत्ता. सुमारे शंभर वर्षांनी ओगाता कोरिनने त्याची प्रत केली. दोन्हींच्या बाह्यरेषा इतक्या जुळतात की कोरिनने मूळ चित्रावरूनच छाप घेतली असणार. पण त्याने दोन्ही देव जरा खाली आणले, त्यामुळे सोतात्सुच्या चित्रात काठाला कापली गेलेली ढोलकी पूर्ण दिसू लागली, आणि देवांच्या बुबुळांची जागा बदलून त्यांना एकमेकांकडे पाहायला लावलं. आणखी शंभर वर्षांनी साकाई होइत्सुने कोरिनच्या पडद्यावरून आणखी एक प्रत केली. शिवाय कोरिनच्या पडद्याच्या पाठीवर त्याने रुपेरी वर्खावर पावसात वाकलेली उन्हाळी आणि वाऱ्यात हलणारी शरदातली फुलझाडं रंगवली: पुढे गर्जनेचा देव, मागे त्याच्या पावसात भिजलेलं गवत. जतनासाठी दोन्ही बाजू पुढे वेगळ्या केल्या गेल्या.

प्रत करण्याला जपानीत ‘मोशा’ म्हणतात आणि तिचे प्रकार आहेत. घेणाऱ्यालाही हे प्रकार माहीत असलेले बरे, कारण आपल्याला कोणता हवा ते ठरवूनच काम सांगावं लागतं. चित्र आज जसं आहे तसं, म्हणजे भेगा, डाग, उडालेल्या रंगासकट उतरवायचं तो एक प्रकार, ‘गेंजो मोशा’. चित्र पहिल्या दिवशी जसं असेल तसं उभं करायचं तो दुसरा, ‘फुकुगेन मोशा’. तिसरा मधला: तपशील सगळे भरून काढायचे, पण रंगांवर जुनेपणाची साय ठेवायची.

दुसरा आणि तिसरा प्रकार शेजारी ठेवून पाहायचे तर नागोया आणि क्योटो ही दोन शहरं पुरेशी आहेत. नागोया किल्ल्यातला होनमारू प्रासाद १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. सरकती दारं आधीच हलवलेली असल्याने हजारावर चित्रं वाचली. १९९२ पासून त्यांच्या प्रती करायला घेतल्या आणि २०१८ मध्ये प्रासाद पुन्हा पूर्ण उभा राहिला. तिथल्या प्रती नव्याकोऱ्या आहेत. सोनं झळझळतं, वाघ पिवळेधमक, पहिल्यांदा पाहणाऱ्याला जरा भडकच वाटावं असं सगळं. उलट क्योटोच्या निजो किल्ल्यात १९७२ पासून सुरू असलेल्या कामात, १६२६ साली कानो तान्यूच्या हाताखाली रंगवलेल्या चित्रांच्या प्रतींवर मुद्दाम जुना सूर ठेवला आहे, कारण त्या शेकडो वर्षं जुन्या लाकडाच्या चौकटीत बसायच्या आहेत. घरासाठीही हेच गणित. नव्या, पांढऱ्या भिंतींच्या घरात ‘नवी’ प्रत चालते. जुन्या सागवानी फर्निचरशेजारी ती उपरी दिसते.

इथे महाराष्ट्राचा खरा धागा आहे. आराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१६ साली रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आला आणि १९१७–१८ च्या सुमारास अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या टोकियोत ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. अजिंठ्याच्या प्रतींच्या नशिबी आगच लिहिलेली असावी. रॉबर्ट गिलच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, आणि जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन केलेल्यांपैकी अनेक १८८५ मध्ये तिथल्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये. पुढे १९४० मध्ये नारा इथल्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांच्या प्रती करायचं ठरलं तेव्हा पथकप्रमुखांमध्ये हाच आराई होता. २६ जानेवारी १९४९ रोजी, काम चालू असतानाच, मंदिराच्या मुख्य दालनाला आग लागून मूळ चित्रं करपली. यावेळी मूळ गेलं आणि प्रती उरल्या. त्या आणि आधी घेतलेली छायाचित्रं यांच्या आधाराने १९६७–६८ मध्ये चित्रं नव्याने रंगवून दालनात बसवली.

होर्यूजीच्या त्या कामात एक गोष्ट आजच्या ग्राहकाच्या उपयोगाची आहे. काही पथकांनी हातकागदावर छायाचित्राची फिकट छपाई करून घेतली आणि तिच्यावर रंगकाम केलं. म्हणजे खाली छपाई असणं ही फसवणूकच असते असं नाही. फसवणूक होते ती छपाईवर चार ठिकाणी कुंचला फिरवून ‘हाताने रंगवलेलं’ म्हणून विकताना.

दोन पडद्यांत दोन तोळे सोनं

सोनेरी पार्श्वभूमीच्या पडद्यात सोनेरी रंग नसतो, खराखुरा वर्ख असतो, आणि तो जवळजवळ सगळा कानाझावा शहरात कुटला जातो. एका पानाची बाजू १०.९ सेंटिमीटर, जाडी मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग. पानं एकमेकांवर पाच-सहा मिलिमीटर चढवत लावतात. जिथे दोन थर येतात तिथे सोनं किंचित गडद दिसतं आणि पडद्यावर चौकटींची हलकी जाळी उमटते. तिला ‘हाकुआशी’ म्हणतात, वर्खाची पावलं म्हणा हवं तर.

आता हिशेब करू. सहा पाख्यांच्या पडद्याचं एक पाखं १५० बाय ६० सेंटिमीटर धरलं, तर उभी पंधरा आणि आडवी सहा अशी ९० पानं लागतात. पूर्ण पडद्याला ५४०, जोडीला १,०८०. एका पानाचं वजन जेमतेम ०.०२३ ग्रॅम, म्हणजे दोन पडद्यांना मिळून साधारण २५ ग्रॅम, दोन तोळ्यांच्या थोडं वर. एवढ्याशा सोन्यात जवळजवळ अकरा चौरस मीटर झाकले जातात. पैसा जातो तो मुख्यतः कुटण्याच्या आणि लावण्याच्या मजुरीत.

स्वस्त प्रतींत सोन्याऐवजी दोनपैकी एक गोष्ट असते. पहिली, डबीतला सोनेरी रंग. तो समोरून उजेड पडला की चमकतो आणि बाजूने पाहिला की मातकट तपकिरी होतो, कारण त्यात चकाकणारे कण सुटे विखुरलेले असतात. वर्ख अखंड असल्याने मंद उजेडातही आतून उजळल्यासारखा दिसतो. दुसरी, पितळी वर्ख, म्हणजे तांबं आणि जस्त. तो नवा असताना फसवतो. पण मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत त्यावरचं लाखेचं किंवा ॲक्रिलिकचं कवच एका ठिकाणी जरी सुटलं तरी तिथून हिरवट-काळे ठिपके पसरत जातात. पितळी वर्ख घ्यायचाच असेल तर कडांवर आणि पाखं जिथे दुमडतात तिथे कवच नीट आहे ना ते पाहावं. सुरुवात तिथूनच होते. त्याची पानं सोन्याच्या पानांपेक्षा मोठी येतात, त्यामुळे जाळीच्या चौकटी मोजूनही अंदाज बांधता येतो.

चांदीचा वर्ख हवेतल्या गंधकाने काळा पडतो. जुन्या पडद्यांवरचे कितीतरी चंद्र आज काळे आहेत ते त्यामुळेच. प्रतीत मग विचारायचं असतं: चंद्र पांढरा हवा की काळा? पांढराच टिकवायचा असेल तर चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅटिनमचा वर्ख वापरतात.

आणि लहान केलेली प्रत असेल तर? मूळ पडदा निम्म्या मापाचा केला तर वर्खाची पानंही कापून निम्मी, साडेपाच सेंटिमीटरची करायला हवीत. नाहीतर इवल्याशा फुलांमागे भल्यामोठ्या चौकटी दिसतात आणि चित्र लहान केल्याचं लगेच कळतं. हे करणारे कारागीर थोडेच, पण हा प्रश्न विचारला की समोरच्याला काम किती कळतं ते उत्तरातून समजतं.

दगडाचा रंग, शिंपल्याचा पांढरा

कोरिनचा निळ्या आयरिस फुलांचा पडदा टोकियोच्या नेझू संग्रहालयात आहे. सोन्यावर फक्त निळा आणि हिरवा. निळा अझुराइट या दगडाची पूड, हिरवा मॅलाकाइटची. अशा दगडी रंगांना ‘इवाएनोगु’ म्हणतात. त्यांची गंमत अशी की एकाच दगडाच्या पुडीच्या छटा तिच्या बारकाईवर ठरतात. पूड पाण्यात निवळून कणांच्या आकाराप्रमाणे वेगळी करतात आणि नंबर देतात: साधारण पाच नंबर जाड रव्यासारखा, तेरा नंबर मैद्यासारखा, त्याहून बारीक ती ‘ब्याकु’. कण जाड तितका रंग गडद, बारीक तितका फिका. फुलाची पाकळी गडद करायला काळा मिसळत नाहीत, जाड कण घेतात. हे रंग ट्यूबमधल्या रंगांसारखे एकमेकांत मिसळून चालत नाही, कारण जड कण आधी खाली बसतात आणि हलके वर राहतात. म्हणून एक थर वाळवून त्यावर दुसरा चढवतात.

इथेही मापाचा सापळा आहे. चित्र निम्मं केलं म्हणून दगडाचा कण निम्मा होत नाही. मोठ्या पडद्यावर नऊ नंबरची पूड मखमलीसारखी दिसते. तीच हातभर चित्रात वाळू फासल्यासारखी दिसते. लहान प्रतीत दोन नंबरांनी अधिक बारीक, म्हणजे अकरा नंबरची पूड घ्यायची आणि त्याने आलेला फिकेपणा खालचा थर गडद देऊन भरून काढायचा.

पांढरा रंग ‘गोफुन’, कालवांच्या शिंपल्यांची पूड. तो तयार करणं म्हणजे भाकरीचं पीठ मळण्याइतकंच हाताच्या अंदाजाचं काम. पूड खलात अगदी मऊ घोटायची, सरसाचं पाणी थेंबाथेंबाने घालत कणकेसारखा गोळा करायचा, तो बशीवर शंभरेक वेळा आपटायचा, मग गोळ्यावर गरम पाणी ओतून काही वेळ ठेवायचं, ते पाणी टाकून द्यायचं आणि गोळा बोटाने विरघळवायचा. आपटल्याने सरस प्रत्येक कणापर्यंत पोचतो. गोफुन ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो. नवशिका नेमका इथे चुकतो. ‘दिसत नाही’ म्हणून तो जाड थर देतो आणि दुसऱ्या दिवशी पाकळीला भेगा पडलेल्या असतात. पातळ तीन-चार थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा, याला पर्याय नाही.

या रंगांत स्वतःचा चिकटपणा नसतो. त्यांना धरून ठेवतो तो प्राण्यांच्या कातडी-हाडांचा सरस, ‘निकावा’. प्रतीचं आयुष्य त्याच्यावर ठरतं. १०० मिलिलिटर पाण्याला साधारण १० ग्रॅम सरस रात्रभर भिजवायचा आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवायचा. तापमान ७० अंशांच्या वर गेलं तर त्याची पकड कमी होते, उकळला तर फुकट. फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो. बाहेर मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी वास मारतो, आणि वास आलेला सरस वापरायचा नाही. रंगाची पूड बशीत घेऊन आधी सरस घालून बोटाने कालवायची, प्रत्येक कण माखला की मगच पाणी. पाणी आधी पडलं तर सरस कणाला नीट बसत नाही.

सरस कमी पडला तर वाळलेल्या रंगावर बोट फिरवताच पूड हाताला लागते. जास्त झाला तर रंग काळपट, तकतकीत दिसतो आणि काही महिन्यांत खवल्यांसारखा उचलला जातो. कमी असेल तर वरून पातळ सरसाचा हात देऊन सावरता येतं. जास्त झालेला मात्र गरम पाण्याने धुऊन काढावा लागतो. प्रत विकत घेताना ही परीक्षा कोपऱ्यात, कोरड्या कापसाने अगदी हलकेच करून पाहायला परवानगी मागावी.

कागदाला किंवा रेशमाला रंग पिऊन टाकू नये म्हणून आधी ‘दोसा’ देतात: पातळ सरसात थोडी तुरटी. दोसा कमी झाला तर शाई पसरते. तुरटी जास्त झाली तर पृष्ठभागावर बारीक स्फटिक चमकतात, कुंचला घसरतो, आणि आम्लामुळे कागद वर्षांगणिक ठिसूळ होतो. वर्ख लावल्यावर त्यावरही दोसाचा एक पातळ हात लागतो, नाहीतर सोन्यावर रंग ठरत नाही.

रेषेत कळतं

रंग आणि वर्ख पैसे टाकून मिळतात. रेषा मिळत नाही. शाईची कांडी म्हणजे काजळी आणि सरस. ती दगडावर, सहाणेवर चंदन उगाळतो तशी, उगाळून घेतात. रेषा एका दमात ओढायची असते. प्रत करणारा मूळ रेषेवर डोळा ठेवून हळूहळू गेला की रेषा कापरी आणि सगळीकडे सारख्याच जाडीची होते. यावर जपानी प्रतकारांची जुनी युक्ती ‘आगे-उत्सुशी’: मूळ चित्रावर पातळ कागद ठेवायचा, त्याचं खालचं टोक एका दांडीवर गुंडाळायचं, आणि गुंडाळी झपाझप वर-खाली करत कागदाखालची रेषा डोळ्यांत धरून लगेच वर तीच ओढायची. कागदातून आरपार पाहून गिरवायचं नाही. डोळ्यांत उरलेली रेषा हाताने पुन्हा जगायची असते, म्हणून तिला वेग राहतो. मूळ चित्र हाताशी नसेल तेव्हा त्याच मापाचं छायाचित्र खाली ठेवतात.

सोळाव्या शतकातल्या हासेगावा तोहाकु या चित्रकाराच्या पाइनवृक्षांच्या पडद्यासारखं निव्वळ शाईचं चित्र यामुळेच प्रतीला सर्वांत अवघड. दिसायला थोडंसंच आहे, धुकं आणि काही झाडं, म्हणून विक्रेते ते स्वस्तात देऊ करतात. पण शाईत खोडता येत नाही, झाकता येत नाही. खरखरीत कोरडा कुंचला ज्या वेगाने आपटला गेला तो वेग नसेल तर पाइनच्या सुया झाडूसारख्या दिसतात. अशा चित्राची मध्यम दर्जाची हातप्रत घेण्यापेक्षा चांगल्या कागदावरची उत्तम छपाई घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोतात्सुच्या परंपरेतली ‘ताराशिकोमी’ ही आणखी एक कसोटी. रंगाचा एक थर ओला असतानाच त्यात दुसरा रंग सोडतात आणि तो स्वतःहून पसरून झाडाच्या खोडावर शेवाळासारखे डाग धरतो. यासाठी कागद आडवा, जमिनीवर हवा. फळीवर उभा ठेवून तेलरंगात हे डाग ‘रंगवले’ तर त्यांच्या कडा एकसारख्या येतात. खऱ्या ताराशिकोमीत कडेला रंग साचून बारीक गडद किनार उरते, चहाच्या डागाला असते तशी.

चीनमधल्या शेनझेनजवळच्या दाफेन गावासारख्या ठिकाणी तेलरंगातल्या प्रती मोठ्या प्रमाणावर होतात. तिथले हात कसबी आहेत, पण कॅनव्हासची वीण, तेलाची चकाकी आणि फुलांना दिलेली छायाप्रकाशाची गोलाई यामुळे जपानी पडद्याचा सपाटपणा जातो. घ्यायचंच असेल तर बारीक विणीचा कॅनव्हास, चकाकी नसलेला शेवटचा हात, आणि फुलांना सावली नको, एवढ्या तीन गोष्टी लिहून द्याव्यात.

भिंतीवर की जमिनीवर

ब्योबु जमिनीवर, नागमोडी उभा राहतो. आत लाकडी जाळीचा सांगाडा, त्यावर कागदाचे अनेक थर, आणि पाखी जोडायला कागदाच्याच बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना दुमडणाऱ्या. पाहायचा उजवीकडून डावीकडे. चित्रकाराने घड्या धरूनच रचना केलेली असते. एक पाखं पुढे येतं, दुसरं मागे जातं. सपाट करून भिंतीला ठोकला की हा खेळ संपतो. सहा पाख्यांचा पूर्ण मापाचा पडदा उलगडल्यावर साडेतीन मीटरच्या आसपास जातो. आपल्या दिवाणखान्यात दोन पाख्यांचा बरा. वायुदेव-मेघदेवांच्या जोडीतला एक पडदा सुमारे १५५ बाय १७० सेंटिमीटरचा आहे. फरशी पुसताना ओलं फडकं खालच्या काठाला लागतं आणि तिथला कागद फुगतो, म्हणून खाली बोटभर उंचीच्या लाकडी पट्ट्या ठेवाव्यात. वरून थेट पडणारा पांढरा दिवा सोन्याला मारतो. बाजूने, कमरेच्या उंचीवरून येणारा पिवळसर मंद उजेड त्याला शोभतो, कारण ते मेणबत्तीच्या आणि कागदी खिडकीच्या उजेडासाठीच केलेलं आहे.

काकेजिकु वर्षभर टांगायचं नसतं. जपानी घरात ऋतूप्रमाणे चित्र बदलतात आणि बाकीची लाकडी पेटीत विसावतात. आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीआधी ते काढावं, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, घट्ट न आवळता गुंडाळावं, आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून पेटीत ठेवावं. गव्हाच्या खळीने चिकटवलेला कागद म्हणजे कसरीला मेजवानी. ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर, दिवसभर सावलीत उलगडून ठेवावं. पंख्याखाली टांगलं तर खालची दांडी भिंतीवर आपटत राहते. दांडीच्या दोन्ही टोकांना अडकवायची छोटी वजनं त्यासाठीच मिळतात.

स्वतः करून पाहायचं तर

पडद्याला हात घालू नये. ‘शिकिशी’ नावाचा २४.२ बाय २७.२ सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा घ्यावा, आणि मोठ्या चित्रातलं एखादंच फूल. संग्रहालयांची मोठी छायाचित्रं फुकट मिळतात: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कोरिनचा आठ पुलांचा आयरिस पडदा आहे, आणि त्यांनी मुक्त केलेली चित्रं कोणत्याही कामासाठी वापरता येतात. हव्या त्या मापात छापून घ्या. पातळ कागदावर रेषा उतरवा, खाली गेरू चोळलेला कागद घालून पुठ्ठ्यावर छाप घ्या. शाईने बाह्यरेषा, मग गोफुनचा पातळ थर, मग अकरा नंबरचा निळा, वाळल्यावर नऊ नंबरचा, शेवटी हव्या त्या रेषा पुन्हा. दोन थरांमध्ये केस वाळवायचं यंत्र वापरू नये. वरचा थर आधी आकसतो आणि भेगा पडतात. वर्ख लावायचा असेल तर पंखा बंद, खिडक्या बंद, आणि बोलणंही बंद. बोटाने धरायचा नाही, बांबूच्या चिमट्याने. पहिल्या दहापैकी चार पानं वाया जातात असं धरूनच खरेदी करावी.

शिक्का आणि सही यांचं काय? सोतात्सु-कोरिन यांच्या चित्रांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं संपली की चित्र सर्वांचं होतं. हाच हिशेब विसाव्या शतकातल्या जपानी चित्रकारांना लावून पाहावा, पण जपानमध्ये ही मुदत आता ७० वर्षांची आहे हेही लक्षात ठेवावं. मूळ लाल शिक्का प्रतीत उतरवायला हरकत नाही, तो रचनेचा भाग असतो. मात्र पडद्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या पाठीवर, न पुसणाऱ्या शाईत, मूळ चित्रकाराचं नाव, मूळ कुठे आहे ते, प्रत कुणी आणि कोणत्या साली केली, माप किती पट, आणि वर्ख सोन्याचा की पितळेचा, एवढं लिहून घ्यावं. वर्खाची नोंद सर्वांत महत्त्वाची. पन्नास वर्षांनी कुणी ती प्रत दुरुस्तीला काढली, तर कोणत्या द्रवाने पुसायची हे त्यावरच ठरतं.